पाकिटामागची बारीक अक्षरं

छापखान्यात त्यांना सगळे भिंगराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखात होतं. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं, दोन बोटांत मावेल एवढं भिंग ते सकाळी दारातून आत येतानाच चढवत आणि संध्याकाळी निघताना काढायला विसरत. मग बसमध्ये शेजारचा माणूस विचारी, "घड्याळवाले का तुम्ही?"

छापखाना खाण्याच्या वस्तूंची वेष्टनं छापायचा. सूपची पाकिटं, बिस्किटांचे कागद, सॉसच्या बाटल्यांची लेबलं. मशीनमधून पहिलं शीट बाहेर आलं की भिंगराव ते दिव्याच्या टेबलावर पसरत, भिंग टेकवत आणि एक डोळा मिटून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरत. टोमॅटो टोमॅटोसारखा लाल आहे ना, निळी रेघ पिवळ्यावर चढली नाही ना, बारीक अक्षराची कड फाटली नाही ना. सगळं ठीक असलं की कोपऱ्यात सही. सही झाली की मशीनमन बटण दाबी आणि पुढची चाळीस हजार शीटं धाडधाड सुटत. सत्तावीस वर्षं हे काम केलेल्या या माणसानं त्यातलं एकही अक्षर वाचलेलं नव्हतं. अक्षर नीट उठलं आहे की नाही, एवढंच ते बघत. ते काय म्हणतंय हे बघणं ज्यानं विकत घेतलं त्याचं काम.

जेवणात मात्र त्यांचं लक्ष असे. पाव हा त्यांचा जीव की प्राण. सकाळी चार स्लाइस भाजून, दुपारी डब्यात अंड्याबरोबर सहा, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून जाड सालीचा गोल पाव. तो घरी पोचेपर्यंत एका बाजूनं कुरतडलेला असे. बायको रोज तो ओट्यावर ठेवताना म्हणे, "या बेकरीत उंदीर फार झालेत हं."

बायको पोस्टात काउंटरवर होती. दिवसभर लोकांना अर्धवट भरलेले फॉर्म परत देऊन देऊन तिच्या आवाजाला एक धार आली होती, आणि त्या धारेपुढे घरात कुणाचं चालत नसे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं तेवढं थोडंफार चाले, कारण ती आईवरच गेली होती.

चोपन्नाव्या वर्षी भिंगराव वाळायला लागले. आधी लोकांनी कौतुक केलं. मशीनमन म्हणाला, "काय व्यायाम करता सांगा तरी." पट्ट्याला त्यांनी छापखान्यातल्याच यंत्रावर एक भोक पाडून घेतलं, मग दुसरं, मग तिसरं. पट्ट्याचं टोक पाठीपर्यंत जायला लागल्यावर कौतुक थांबलं. छपाईच्या प्लेटा करायची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे जाताना मधल्या वळणावर ते सूचनाफलक वाचायच्या निमित्तानं थांबत. फलकावर तीन महिन्यांपूर्वीची एकच सूचना होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोटात तर सारखं कुणीतरी टेबलं सरकवत असल्यासारखा आवाज. तोंड येई, ते बरं होईतो पुन्हा येई. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर मोठ्या दिल्या. रक्त काही वाढेना.

शेवटी बायकोनं रजा टाकली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. रक्त तपासलं, मग घशातून कॅमेऱ्याची नळी घातली, आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढून पाठवला. आठ दिवसांनी दोघं पुन्हा त्यांच्यासमोर बसली.

"सिलिॲक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतड्याची आतली बाजू मऊ टॉवेलसारखी असते बघा. हजारो बारीक धागे. अन्नातलं सगळं सत्त्व ते धागे टिपून घेतात. तुमचा टॉवेल झिजून चादर झालाय. मग वरून कितीही गोळ्या घाला, टिपणार कोण?"

"आणि झिजवला कुणी?" भिंगरावांनी विचारलं.

"तुम्हीच. म्हणजे तुमच्या शरीरानं. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो. बार्लीत, राय नावाच्या धान्यातही असतो. तो पोटात आला की तुमच्या शरीराला वाटतं शत्रू आला, आणि ते स्वतःच्याच घरात काठ्या चालवतं. औषध नाही याला. पथ्य आहे. गहू बंद केला की धागे परत उगवतात."

"कधीपर्यंत बंद?"

"कायमचा."

भिंगरावांनी थोडा विचार केला. "कायमचा म्हणजे... साधारण?"

"कायमचा म्हणजे कायमचा," बायको म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही पुढे सांगा."

डॉक्टरीणबाईंनी बरंच सांगितलं आणि निघताना दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद हातात दिला. भिंगरावांनी सवयीनं तो उजेडाकडे धरला. छपाई बरी होती, कागद हलका होता. त्यांनी त्याची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

परतताना बस बेकरीसमोर थांबली. संध्याकाळचा घाणा नुकताच बाहेर आला होता आणि वास सरळ बसच्या खिडकीत. भिंगरावांची मान आपोआप तिकडे वळली. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि खिडकीची काच ओढून घेतली. "एक तरी बरं झालं," ती म्हणाली. "उंदीर गेले." त्यावर त्यांना हसू आलं नाही, पण तिचा हात मात्र त्यांनी घरापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराची झडती सुरू झाली. बायकोनं पोस्टाजवळच्या दुकानातून दोन रबरी शिक्के करून आणले होते. हिरव्या शाईचा "चालेल" आणि लाल शाईचा "वर्ज्य". एकेक डबा, बरणी, बाटली टेबलावर येई, ती चष्मा नाकावर ओढून बघे आणि ठप्प! पीठ वर्ज्य. नूडल्स वर्ज्य. तांदूळ चालेल. मक्याचं पीठ चालेल. लोण्याच्या डब्यात पावाचा चुरा दिसला, लोणी वर्ज्य. जॅममध्ये कितीदा तरी पावाला लागलेला चमचा बुडालेला, जॅम वर्ज्य. लाकडी पाट, चुऱ्यानं भरलेला टोस्टर, बिस्किटांचा गोल डबा, सगळी मंडळी खोक्यात बसून शेजारच्या काकूंकडे रवाना झाली. मुलीनं हिरवा शिक्का उचलून बापाच्या मनगटावर मारला. "बाबा चालेल," ती म्हणाली.

"घरात गहू येणारच नाही," बायकोनं जाहीर केलं. "कुणासाठीच नाही. एका ओट्यावर दोन राज्यं मला सांभाळता येणार नाहीत."

"मी कॉलेजात खाईन," मुलगी म्हणाली. "भिंतीआड. व्यसनी माणसासारखी. आणि घरी येताना चूळ भरून येईन."

पहिल्या रविवारी पाव करायचा ठरला. तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, यीस्ट आणि भिंगरावांची आशा. त्या दिवशी ताईही आली होती. ताई म्हणजे भिंगरावांची मोठी बहीण. शाळेत ग्रंथपाल होती, गेल्याच वर्षी निवृत्त झाली. बुटकी, काटकुळी, दोन बसथांबे पलीकडे एकटी राहणारी. खाण्याच्या बाबतीत लहानपणापासून नाव काढलेली. हे नको, ते नको, एवढं नको, आज नको. घरात तिला चिमणी म्हणत आणि ताटात वाढताना दाणे टाकल्यासारखं वाढत. तीही त्यावर हसे, आणि ताट अर्धं ठेवून उठे.

ओव्हनमधून पाव निघाला तो गेला तेवढाच होता. मुलीनं त्यावर बोटानं टकटक केलं आणि कान लावला. "आत कुणी आहे का?"

सुरी वरून घसरली. मग भिंगरावांनी पाय रोवून दाबली तेव्हा दोन तुकडे झाले, त्यातला एक ओट्यावरून उडून खाली पडला आणि फरशीवर असा काही वाजला की बायकोनं आधी फरशी बघितली.

दुसरा रविवार, तिसरा रविवार. चौथ्यांदा बायकोनं अंडी वाढवली, पीठ हातानं मळायचं सोडून पातळ ठेवलं, आणि एक मऊसर, पिवळट, थोडं चुरा होणारं काहीतरी तयार झालं. पाव म्हणून ते वाईट होतं. पण त्याला पाव म्हणायचं सोडून दिलं की चांगलं होतं. ताईनं दोन मोठे तुकडे खाल्ले, वर तिसऱ्याकडे बघितलं. हे एरवी बातमी व्हावी असं होतं, पण त्या दिवशी सगळे स्वतःच्याच पराक्रमावर इतके खूश होते की कुणाच्या लक्षात आलं नाही.

महिन्याभरात भिंगरावांच्या पोटातली टेबलं सरकायची थांबली. तोंड येईना. आणि मग एका बुधवारी सगळं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात. दोन दिवस ते अंथरुणात आणि बाकीच्या दोघी तपासात. बायकोनं पातेली पुन्हा घासली. मुलीनं शपथेवर सांगितलं की चूळ रोज भरते.

"बाहेर काय खाल्लंत?" बायकोनं काउंटरवरच्या आवाजात विचारलं.

"काही नाही. डबा. आणि चार वाजता सगळे बिस्किटं खातात तेव्हा या सोमवारपासून मी आपलं सूप पितो. टोमॅटोचं. टोमॅटोत गहू कुठून येणार?"

"पाकीट आहे?"

पाकीट कोटाच्या खिशात होतं. चांगलं वाटलं म्हणून घरी आणायला जपून ठेवलेलं. बायकोनं ते उलटं केलं आणि त्यांच्या पुढ्यात धरलं. "वाचा."

भिंगरावांनी भिंग लावलं. टोमॅटो, साखर, मीठ, गव्हाचं पीठ. आणि त्याखाली ठळक अक्षरांत वेगळी ओळ: या पदार्थात गहू आहे. छपाई झकास होती. एकेक कड सुरीनं कापल्यासारखी. असायलाच हवी होती. पाकीट त्यांच्याच छापखान्याचं होतं आणि त्या शीटवर सही त्यांचीच होती. हीच ओळ त्यांनी दिव्याखाली निदान शंभरदा बघितली असेल.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला वाचता येतं गं. पण मी कधी वाचलंच नाही."

त्या दिवसापासून त्यांना वाचनाचं वेड लागलं. दुकानात ते एकेक वस्तू उचलत आणि भिंग लावून उभे राहत. सोया सॉसमध्ये गहू. सॉसेजमध्ये गहू. चॉकलेटमध्ये माल्ट, म्हणजे बार्ली. खोकल्याच्या गोळ्यांचंही पाकीट त्यांनी सोडलं नाही. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, हिरा नाही तो. चॉकलेट आहे." घरी येऊन ते दिवसाची शिकार सांगत आणि बायको शिक्का तयार ठेवी.

छापखान्यातही तेच. शीट टेबलावर आलं की आधी रंग, मग रेघा, आणि मग वरपासून खालपर्यंत वाचन, ओठ हलवत. मशीनमन बटणापाशी ताटकळे. चांगला माणूस, पण मशीन थांबलेलं बघितलं की त्याच्या अंगाला खाज सुटत असे.

"भिंगराव, रंग बघा. कादंबरी वाचताय का?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय. थांब."

असंच एका सकाळी भाज्यांच्या सूपचं नवं पाकीट आलं. जुनंच सूप, नवं चित्र. मोठी वाफाळती वाटी, वर हिरवी पानं. रंग इतके छान उतरले होते की मशीनमननं स्वतःच शीळ घातली. भिंगराव वाचत गेले. भाज्या, साखर, मीठ; गव्हाचं पीठ हे शब्द घटकांच्या गर्दीत कुठेतरी मुंगीएवढे. आणि खाली ठळक ओळ जिथे असायची तिथे वाटीची कड. त्यांनी पुन्हा बघितलं. मग कपाटातून जुनं शीट काढून शेजारी ठेवलं. जुन्यात ओळ होती. नव्यात नव्हती.

"सही करत नाही मी," ते म्हणाले.

"रंग चुकलाय?"

"रंग नाही. ओळ गेलीय. गव्हाची."

"अहो, त्यांनी पाठवलं तसं आपण छापायचं. आपल्या बापाचं सूप आहे का ते?"

आवाज वाढला तसे मालक केबिनमधून बाहेर आले. मालक शांत गृहस्थ, पण गाडी दुपारी दोनला माल न्यायला येणार होती. त्यांनी दोन्ही शीटं बघितली, घड्याळ बघितलं. "भिंगराव, मजकूर त्यांची जबाबदारी. आपण शाईचे धनी. करा सही."

सत्तावीस वर्षांत भिंगरावांनी मालकांना नाही म्हटलं नव्हतं. कसं म्हणतात हेही त्यांना नीट माहीत नव्हतं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मालक, असंच एक सूप मी पीत होतो. दोन दिवस अंथरुणात पडलो. पण ती माझी चूक होती, कारण ओळ तिथे होती आणि मी वाचली नाही. उद्या एखादा माझ्यासारखा माणूस ती शोधेल, त्याला ती दिसणार नाही, आणि तो म्हणेल चला, हे चालतंय. त्याची चूक कुठली?"

मालकांनी दोन्ही शीटं पुन्हा उचलली. मग केबिनमध्ये जाऊन त्यांनी सूपच्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं मशीन उभं. मशीनमन हात पुसून पुसून कोरडे करून बसला. मालक बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"वाटीचं चित्र मोठं केलं म्हणे शेवटच्या घटकेला. ओळ त्याच्याखाली गाडली गेली. त्या बाई फोनवर मला दहा वेळा थँक्यू म्हणाल्या. मी म्हटलं, मला कशाला म्हणता?"

गाडी दोनला आली ती दुसऱ्या दिवशी यायला सांगून परत पाठवली. मालकांनी भिंगरावांचं टेबल खिडकीपाशी हलवलं, चांगल्या पाठीची खुर्ची दिली आणि फर्मान काढलं की यापुढे पहिलं शीट वाचल्याशिवाय मशीन सुटणार नाही. मशीनमन आठ दिवस फुगून होता. नवव्या दिवशी तो हळूच एक बिस्किटाचा पुडा घेऊन आला. "जरा बघता का? माझ्या भाचीला शेंगदाणे चालत नाहीत."

आता सगळंच वाचायचं म्हटल्यावर कोटाच्या खिशातला डॉक्टरीणबाईंचा कागदही एके दिवशी दुपारच्या सुट्टीत बाहेर आला. पुढच्या बाजूला पथ्य होतं, ते पाठ झालेलं. त्यांनी कागद उलटला. मागे लिहिलं होतं की हा आजार रक्ताच्या नात्यात सापडतो, तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी. आणि पुढे: काहींना पोटाचा त्रास फारसा नसतो. उंची कमी राहणे. वजन न भरणे. सतत थकवा. वारंवार तोंड येणे. हाडं ठिसूळ होणे. लहानपणी जेवणाचा कंटाळा.

भिंगरावांचा घास हातातच राहिला. ताईचं मनगट दोनदा मोडलं होतं. एकदा पायरी चुकली म्हणून, आणि एकदा नुसता कपाटाचा खण ओढताना. ताई शाळेतून आली की आधी आडवी होई आणि मग दिवा लावी.

आणखी एक गोष्ट आठवली, आणि त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. ताई दहा-अकराची, ते पाच-सहाचे. आई ताईला पाव संपवल्याशिवाय उठू देत नसे. ताई तो बुटात लपवी. आणि हे धाकटे चिरंजीव आईला जाऊन सांगत. मग ताईला ओरडा बसे, आणि यांना शाबासकी म्हणून जॅम लावलेला जादा पाव.

मुलीची तपासणी लगेच झाली. काही निघालं नाही. "म्हणजे भिंतीआड खायला मोकळी," ती म्हणाली. ताई मात्र ऐकेना.

"धाकट्या, एकोणसाठ वर्षं मी नखरे केले असं सगळे म्हणतात. आता त्याला आजाराचा मान देऊ नकोस. मला काही झालेलं नाही. मी आहेच अशी."

"ताई, तू अशी आहेस का तुला असं केलंय, एवढंच बघायचंय. एक सुई."

"सुईला मी भीत नाही. हसं व्हायला भिते. तपासणीत काही निघालं नाही तर तू जन्मभर चिडवशील. बघा, चिमणी तर ठणठणीत आहे, नाटकं करते."

भिंगराव खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले. "नाही चिडवणार," ते म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की ताईनं चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उठून पर्स घेतली. "चल. आत्ताच जाऊ. उद्या माझा विचार बदलेल."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं की सगळ्या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, रोज थोडा खायचाच, नाहीतर निदान चुकेल. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ताई डॉक्टरांच्या हुकमावरून सकाळ-संध्याकाळ बिस्किटं खात होती आणि फोन करून तक्रार करत होती की आई परत आली वाटतं.

एका रविवारी जेवायच्या वेळेला ती आली. हातात मोठा पाकीटबंद अहवाल. बसली, पाणी प्यायली, चष्मा पुसला आणि ग्रंथपालाच्या खणखणीत आवाजात सगळा अहवाल वाचून काढला. आकडे, कंस, प्रयोगशाळेचा फोन नंबर, काही सोडलं नाही. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. मग कागद मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी नखरेल नव्हते," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं आता ही रडणार. पण ताई हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई हवी होती रे आज. तिला दाखवला असता कागद."

"तिला फार वाईट वाटलं असतं," भिंगराव म्हणाले.

"वाटू द्यायचं की थोडं. मग मीच जवळ घेतलं असतं तिला. तिला तरी काय माहीत!" तिनं डोळे पुसले आणि ताठ बसली. "चला, आता माफी मागा. वयाप्रमाणे. धाकट्या, तू पहिला."

भिंगराव खरंच उठून उभे राहिले. "ताई, तू पाव बुटात लपवायचीस ते मीच आईला सांगायचो."

"माहीत आहे. तुझ्या तोंडाला जॅम असायचा."

"मला माफ कर."

"केलं. पण बूट आठवलेत म्हणून सांगते. डाव्या बुटातले मुंग्यांनी खाल्ले, उजव्यातले तूच काढून खायचास." मुलगी हसता हसता खुर्चीवरून घसरली. बायकोनं मधे पडून सांगितलं की बाकीच्यांच्या माफ्या जेवणानंतर घेतल्या जातील, भात गार होतोय.

ताईनं पथ्य हातात घेतलं ते एखादं नवं ग्रंथालय लावायला घेतल्यासारखं. पुठ्ठ्याची कार्डं, अकारविल्हे खण, प्रत्येक पदार्थाला एक कार्ड, कुठे मिळतो, काय असतं, कधी तपासला. भिंगरावांना हॉटेलात विचारायची लाज वाटे. ते पाणी पिऊन परत येत. ताईला लाज नावाची गोष्टच उरली नव्हती. पहिल्यांदा दोघं बाहेर जेवायला गेली तेव्हा तिनं वेटरला पाच प्रश्न विचारले, सहाव्याला त्यानं आत जाऊन आचाऱ्यालाच आणलं. आचारी दारात मावेना एवढा, हात पुसत आला.

"बाई, गहू म्हणजे चिमूटभर पण नाही?"

"चिमटीतून पडलेला पण नाही. आणि तवा धुतलेला हवा. तुम्हाला त्रास आहे, मला माहीत आहे. पण मी आजवर कुठे निर्धास्त जेवलेलेच नाही. तुमच्याकडे जेवले तर तुमचं नाव काढीन."

आचाऱ्यानं तिच्याकडे बघितलं, त्या काटकुळ्या मनगटांकडे बघितलं आणि म्हणाला, "बसा." भाजलेला मासा, लोण्यातले बटाटे, हिरव्या शेंगा आणि भात. ताईनं ताट पुसून घेतल्यासारखं साफ केलं. मग मान वर करून, थोडी लाजून विचारलं, "अजून आहे का?" भिंगरावांनी तो प्रश्न तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच नाक शिंकरलं.

वर्ष झालं. भिंगरावांचा पट्टा पूर्वीच्या भोकावर आला आणि रक्त भरलं. ताईचं वजन वाढायला वेळ लागला, पण तिच्या अंगात जो उत्साह आला त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना, तिलाही. तिनं घर रंगवलं. मग शेजारणीचं रंगवलं. मग साठाव्या वाढदिवसाला स्वतःसाठी सायकल आणली. लहानपणी दम लागतो म्हणून शिकायची राहून गेली होती. मैदानावर आठ दिवस भाची मागून धरून पळाली, नवव्या दिवशी ताईनंच ओरडून सांगितलं, "सोड आता! किती दिवस धरणार आहेस?"

तेव्हापासून रविवारी सकाळी सहाला भिंगरावांच्या दारात घंटी वाजते. त्यांनीही एक जुनी सायकल घेतली, घ्यावीच लागली. दोघं नदीकाठच्या रस्त्यानं जातात. परवा चढावर ते मागे पडले आणि ओरडले, "ताई, जरा हळू!"

"हळूच चालले रे इतकी वर्षं!" पुढून उत्तर आलं.

चढ संपल्यावर मात्र ती बाकावर बसून त्यांची वाट बघत होती. शेजारी डबा उघडा, उकडलेली अंडी, केळी आणि बायकोनं दिलेला तो पिवळट प्रकार, ज्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. भिंगराव धापा टाकत येऊन टेकले तेव्हा डब्यात दोनच अंडी उरली होती.

"चार होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती," ताई म्हणाली आणि तिसऱ्याकडे हात केला. "दुपारी जेवायला काय केलंय रे घरी?"